हे बोल तिचे का तुमचे?

पहिल्या भेटीत त्यांनी मला घरात घेतलं नाही.

अकोल्याहून सकाळच्या एसटीने निघून, बडनेऱ्याला फाटकाशी अर्धा तास अडकून, मी अमरावतीत त्यांच्या दारात पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. अंगावर वर्दी, काखेत फाईल. दार त्यांनीच उघडलं. उंच, वाळकी अंगलट, पांढऱ्या शर्टाचं गळ्याशी असलेलं बटणसुद्धा लावलेलं, पायात काही नाही. वर्दीकडे त्यांनी बघितलंच नाही. फाईलकडे बघितलं.

"मूय कागद हायेत का झेरॉक्स?"

"झेरॉक्स आहे सर. मूळ कोर्टात आहेत."

"मंग मी झेरॉक्सचं भाषांतर करू?"

"सारखंच असतं ना सर."

"तुमी दोन्ही शेजारी ठेवून पाह्यले?"

"नाही."

"मंग सारखे हायेत हे तुमाले कोनं सांगतलं?"

आणि दार लागलं. आतून एका बाईचा आवाज आला, "अहो, पानी तरी द्या तिले." मी तशीच परत स्टँडवर आले आणि अकोल्याची गाडी धरली. शंभर किलोमीटर यायचं, शंभर जायचं, आणि हातात काही नाही.

त्या दिवशी आमचा चोविसावा दिवस होता. एकूण साठ होते.

हे साठ दिवस कसले ते सांगते. मी तेव्हा अकोला जिल्हा पोलिसात नाईक होते. शहराबाहेरच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, आदल्या वर्षी हंगामात आग लागली होती. आत सहा बाया कामाला होत्या. पाच गेल्या. कापूस आत टाकायच्या खिडकीच्या अगदी खाली जी होती, ती एकटी वाचली. दाराला बाहेरून कुलूप होतं. आगीनंतर अकराव्या दिवशी मालक देशाबाहेर गेला. वर्षभराने तो एका परक्या देशाच्या विमानतळावर सापडला आणि तिथल्या पोलिसांनी त्याला अडकवून ठेवलं. त्या देशाशी आपला करार आहे. पण नुसत्या आपल्या निरोपावर माणूस साठ दिवसच धरून ठेवायचा, असं त्या करारात लिहिलेलं. तेवढ्यात आपले सगळे कागद, इंग्रजीत, सहीशिक्क्यासकट, त्यांच्या हातात पडले नाहीत तर त्याला सोडायचं. मालकाच्या खिशात पुढच्या विमानाचं तिकीट होतं. ते ज्या देशाचं होतं तिथे आपला करार नव्हता.

कागद अकोल्याहून मुंबईला गृह खात्यात जाणार, तिथून दिल्लीला परराष्ट्र खात्यात, तिथून वकिलातीतून त्या देशात. त्यामुळे आमच्या हातात खरे पंचेचाळीसच दिवस होते. अनुवादकाची जागा अकोल्याच्या कोर्टात रिकामी होती. आमच्या सरकारी वकील मॅडमनी अमरावतीच्या या रिटायर माणसाचं नाव सुचवलं होतं. म्हणाल्या होत्या, "त्रास देतील. पण त्यांनी केलेलं भाषांतर हायकोर्टातून कधी परत आलेलं मी पाहिलं नाही."

पंचविसाव्या दिवशी मी कोर्टाच्या शिक्क्याच्या नकला घेऊन गेले, तेव्हा त्यांनी मला आत घेतलं.

राजापेठेच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं ते. बाहेरच्या खोलीत टेबल, त्यावर फक्त समोरचा कागद. वाचायची त्यांची पद्धत अशी, की उभं राहून, मोठ्याने, हात मागे बांधून. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो तसे. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "बसून वाचलं का डोया उडी मारते. उभं रायलं का एकेक शब्द पायरीवानी चढा लागते." एक पान झालं की ते पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. मी घड्याळ पाहिलं की थांबायचे आणि विचारायचे, "वेळ कागदाचा हाये का तुमचा?"

"म्हणजे" हा शब्द त्यांच्यासमोर चालत नसे. कुणी "म्हणजे असं की" म्हणून सुरुवात केली की हात वर करायचे. "म्हंजे म्हनू नका. जे हाये थे म्हना." एकदा डॉक्टरने पोट दुखतं का म्हणून विचारलं तर हे म्हणाले, दुखत नाही, कळ येते. डॉक्टर म्हणाला एकच. हे उठून घरी आले. दुसऱ्या दिवशी मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या.

मावशी फार बोलत नसत, पण बोलल्या की एकदम आतलं सांगत. "मले पाहाले आले तवा इचारलं, सैपाक येते का. मी म्हनलं, येते. तर म्हने, येते का आवडते? माहा बाप म्हने, हे स्थळ नको, या मानसाजवळ पोरीले बोलता बोलता धाप लागन. मीच म्हनलं, नाई, हाच मानूस पाह्यजे. तवापर्यंत मले असं कोनं इचारलंच नोतं."

नोकरीत ते कोर्टात अनुवादक होते आणि मेळघाटातल्या कोरकू साक्षीदारांसाठी दुभाष्याचंही काम करत. धारणीला दोन वर्षं राहून ती भाषा शिकले होते. एका खटल्यात साक्षीदार म्हातारा काही बोलला. न्यायाधीशांनी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "साहेब, याचा अर्थ मला लागला नाही." न्यायाधीश म्हणाले, साधारण काय म्हणतो ते सांगा. हे म्हणाले, "साधारण मला सांगता येत नाही." खटला पुढे ढकलला गेला, यांना लेखी खुलासा द्यावा लागला, आणि कचेरीत सगळे यांना 'साधारण साहेब' म्हणू लागले. त्याचं त्यांना काही वाटल्याचं दिसलं नाही. पुढच्या रविवारी ते त्या म्हाताऱ्याच्या गावी गेले आणि शब्द समजून घेऊन आले.

रिटायर झाल्यावर रोज सकाळी ते एसटी स्टँडवर जाऊन बसायचे. चांदूर बाजारची, मोर्शीची, दर्यापूरची माणसं कशी बोलतात ते ऐकायचे आणि जुन्या कागदांच्या पाठीवर टिपून ठेवायचे. एकदा पोरं पळवणारा म्हणून लोकांनी त्यांना धरलं आणि चौकीत नेलं. हवालदार म्हणाला, "तुम्ही बायांचं बोलणं चोरून ऐकत होता म्हणे." हे म्हणाले, "चोरून नाई, आयकत होतो. अन् बायायचंच नाई, सगळ्यायचं." हवालदाराने लिहिलं, 'सदर इसमाने गुन्हा कबूल केला.' ते वाचून घेतल्याशिवाय यांनी चौकी सोडली नाही, आणि ती ओळ खोडून घेतल्याशिवायही नाही. त्यात दुपार गेली. हे सगळं ते मला अगदी गंभीरपणे सांगत होते आणि मी वर्दीत त्यांच्यासमोर बसले होते.

मी रोज जात नसे, एक दिवसाआड जायची. झालेली पानं घ्यायची, पुढची द्यायची. पानावरची शाई वाळेपर्यंत ते मला परदेशातून आरोपी मागून आणायचा कायदा सांगत.

"बाई, तुमाले वाटत असन, हा कायदा लय मोठा. नाई. दोन शेजाऱ्यायचं बोलनं हाये. आपन म्हनतो, आमचा मानूस तुमच्या घरात लपला, द्या. थे म्हनते, काहून द्याचा? आपन म्हनतो, त्यानं असं असं केलं. मंग थे आपल्या घरचं पुस्तक उघडते अन् पाह्यते, का हेच काम त्यानं आमच्या इथं केलं असतं तर आमी त्याले जेलात टाकलं असतं का? नसन, तर देत नाई. असन, तर म्हनते, पुरावा दाखवा."

"मग खटला तिथेच चालतो?"

"खटला अकोल्यालेच चालन. तिथचा जज गुन्हा ठरवत नाई. खटला चालवाजोगतं काही हाय का, इतकंच पाह्यते. पन बाई, तिथं तुमची साक्षीदार जानार नाई. तिचा आवाज जानार नाई, तिचा भाजलेला हात जानार नाई. कागद जानार. तिनं काय म्हनलं थे त्याले माह्या इंग्रजीतून कयनार. अन् समोर मालकाचा वकील उभा असन, त्याचं काम एकच, कागदात भोक शोधाचं."

एकतिसाव्या दिवशी भोक त्यांनाच सापडलं.

मी गेले तेव्हा ते चौदावं पान हातात घेऊन उभे होते. वाचलेल्या बाईचा जबाब. तिला आपण शेवंताबाई म्हणू. पन्नाशीची, आणि गेलेल्या पाचांत तिची सून होती. त्यांनी एक वाक्य वाचलं: "मी आत काम करीत असताना मालकाने दरवाजा बाहेरून बंद करून त्यास कुलूप लावले." मग पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

"ही बाई कोठी होती?"

"आत."

"कुलूप?"

"बाहेर."

"दार कशाचं?"

"पत्र्याचं."

"त्याले भोक, फट?"

"नाही सर. पंचनाम्यात आहे ते."

"मंग कुलूप कोनं लावलं, हे तिनं पाह्यलं कसं?"

त्यांनी पान टेबलावर ठेवलं आणि शेवटच्या ओळीखाली बोट टेकवलं. जबाब लिहून घेणाऱ्याची सही. माझी सही होती ती. ती माझी आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार.

"हे बोल तिचे का तुमचे?"

"पोलिसात असंच लिहितात सर. लोक कसंही बोलतात, आपण नीट करून..."

"मी इचारलं, तिचे का तुमचे."

"माझे."

"मंग तिचे कोठी हायेत?"

मला आठवेना. खरोखरच आठवेना. जळीत वॉर्ड, डेटॉलचा वास, शेवंताबाईच्या तोंडावर निम्मी पट्टी. ती खूप वेळ बोलली होती. मला अजून तिघांचे जबाब घ्यायचे होते. मी मान हलवत होते आणि सार लिहीत होते. बाहेरून कुलूप होतं, मालक दाराशी होता, एवढं पुरेसं वाटलं. ती नेमकं काय बोलली हे जगात फक्त तिला आणि मला माहीत होतं, आणि मी ते विसरले होते.

अकोल्याला येऊन मी उपअधीक्षक साहेबांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आता काय करायचं म्हणतो तो?"

"तिचा जबाब पुन्हा घ्या म्हणतात. मॅजिस्ट्रेटसमोर."

"तुला कळतं का तू काय बोलतेस? मालकाचा भाऊ तिच्या गावात दोनदा गाडी घेऊन गेला. ती बाई आज कुणाच्या बाजूला आहे ते तुला माहीत आहे? मला नाही. हातात आहे तो जबाब कागदावर आहे. पुन्हा बोलावली आणि ती फितूर झाली, तर तिकडचं कोर्ट त्याला हार घालून सोडेल. पाच बाया मेल्यात." पेन परत उचलून म्हणाले, "फाईल घेऊन ये. अकोल्यात दुसरा माणूस आहे, एका दिवसात सही देतो."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्या पाच प्रेतांचे पंचनामे त्यांनी स्वतः उभं राहून केले होते.

तेहतिसाव्या दिवशी मी फाईल परत आणायला गेले. वाटलं होतं, ते वाद घालतील. त्यांनी झालेलं भाषांतर, न झालेले कागद, सगळं नीट लावून बांधून दिलं. मग एका चिठ्ठीवर लिहिलं, 'पान चौदा, ओळ सहा. साक्षीदाराच्या मूळ शब्दांबद्दल शंका. म्हणून सही केलेली नाही.' खाली नाव, तारीख.

"हे फाईलीत लावा, नाईतर फाडा. तुमचं तुमी पाहा. मी कोनाले सांगाले जानार नाई."

"सर, तो सुटला तर?"

"तर मले झोप येनार नाई. पन न पाह्यलेलं पाह्यलं म्हनून मी सही करनार नाई."

परतीच्या गाडीत ती चिठ्ठी माझ्या हातात होती. मूर्तिजापूरला गाडी दहा मिनिटं थांबली. खिडकीखाली कचऱ्याचा डबा होता. मी चिठ्ठी दोनदा घडी केली आणि दोनदा उलगडली. त्या वेळी मला सत्याची वगैरे चाड आली असं म्हणणार नाही. मला भीती वाटत होती. यांना जे सात दिवसांत दिसलं ते तिकडच्या वकिलाला सात मिनिटांत दिसेल, आणि मग पाच बायांचा मारेकरी माझ्या एका ओळीमुळे सुटेल, ही भीती. अकोल्याला उतरून मी ठाण्यात गेलेच नाही. सरळ सरकारी वकील मॅडमच्या ऑफिसात गेले.

त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे चोळले. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाल्या. "आणि तुमच्या साहेबांचंही बरोबर आहे. ती फिरली तर संपलं." मग त्यांनी फोन उचलून थेट अधीक्षकांना लावला. परवानगी मिळायला चार दिवस गेले; तोवर उरलेल्या भाषांतरासाठी फाईल पुन्हा अमरावतीला गेली.

शेवंताबाई गावात नव्हती. बहिणीकडे शेंदूरजनाघाटला, संत्र्याच्या तोडीवर गेली होती. अडतिसाव्या दिवशी मी तिथे गेले. बागेच्या कडेला ढिगाशी बसून ती फळं निवडत होती, मोठी एका बाजूला, बारकी एका बाजूला. डावा हात नीट मिटत नव्हता, तरी काम चालू होतं. मी साध्या साडीत होते, पण तिने लगेच ओळखलं.

"काहून आलीस?"

"मावशी, जबाब पुन्हा द्यावा लागेल. या वेळी मॅजिस्ट्रेट साहेबांसमोर."

"एकडाव सांगतलं ना. इसरले का तुमी?"

"मी बरोबर लिहिलं नव्हतं."

तिने वर पाहिलं नाही. दोन-तीन फळं इकडची तिकडे केली. "मालकाचा भाऊ आलता दोन डाव. म्हने, कुलूप नोतंच, दार नुसतं लोटलेलं होतं, असं सांगजो. तुह्या लेकाले कामाले लावतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काई नाई म्हनलं."

याच्या पुढे मी विचारणं कायद्याला धरून नव्हतं. साक्षीदाराला पढवलं असा ठपका आला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासोबत अकोल्याला आली. मूर्तिजापूर मागे गेलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती.

मॅजिस्ट्रेटच्या खोलीचं दार लागलं. पोलिसाला आत जाता येत नाही. मी बाकावर, साहेब व्हरांड्यात येरझाऱ्या घालत. सव्वा तास. ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. म्हणाली, "पानी दे व माय." पाणी प्याली आणि घ्यायला आलेल्या लेकासोबत निघून गेली.

जबाबाची नक्कल हातात पडायला बेचाळिसावा दिवस उजाडला. लिफाफा मोहरबंद होता. अमरावतीपर्यंत तो माझ्या मांडीवर होता आणि आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. साहेबांचा तीनदा फोन आला.

त्यांनी लिफाफा उघडला आणि नेहमीसारखे उभं राहून वाचायला लागले. मॅजिस्ट्रेट बाई वऱ्हाडातल्याच होत्या. त्यांनी शेवंताबाईचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं.

"मालक दाराशी उभा होता. म्हने, आजचा कापूस सरल्याबिगर कोनी भायेर नाई येनार. मंग त्यानं दार लोटलं. मंग मले काई दिसलं नाई. मंग मालकाचा आवाज आला. चौकीदाराले म्हने, कुलूप घाल अन् चावी मले दे. मंग कुलपाचा आवाज आला. आग लागली तवा आमी दार ठोकलं. चौकीदार भायेरून वरडे, चावी माह्याजवळ नाई व माय, चावी मालकानं नेली."

ते थांबले. खोलीत मावशी येऊन उभ्या होत्या. वाचलेली शेवटची ओळ त्यांनी परत वाचली, आणि मग खुर्ची ओढून बसले. पान अर्धं असताना ते बसलेले मी त्या एकाच वेळी पाहिले.

मला सगळं आठवलं. हे तिने मला जळीत वॉर्डात सांगितलं होतं. चावीचं सांगितलं होतं, दोनदा. कुलूप लिहून झालंय, आता चावीचं काय लिहायचं, म्हणून मी सोडून दिलं होतं. जी गोष्ट तिने पाहिली नव्हती ती मी लिहिली, आणि मालकाला गाडेल अशी जी गोष्ट तिने ऐकली होती ती मी गाळली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"पयला जबाब बी जाईन," थोड्या वेळाने ते म्हणाले. "दोन्ही जातीन. अन् पयल्यातले बोल तुमचे होते, असं तुमी शपथेवर लिहून द्याचं. लपवलं तर थ्यो वकील हुडकून काढन. आपनच सांगतलं तर त्याच्या हातात काय उरते?"

मी लिहून दिलं. नोकरीत याचं काय होणार ते मला कळत होतं. त्या दिवशी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच ते त्या दीड पानावर होते. एकट्या 'लोटलं' या शब्दावर तास गेला. दार सरकवून टेकवलं, पण कडी-कुलूप नाही, एवढं सगळं इंग्रजीत एका शब्दात मावेना. शेवटी त्यांनी ते चार शब्दांत लिहिलं आणि खाली टीप दिली. चव्वेचाळिसाव्या दिवशी फाईल अकोल्याहून निघाली. अठ्ठावन्नाव्या दिवशी ती त्या देशाच्या कचेरीत पोचल्याचा निरोप दिल्लीहून आला. साहेबांनी मला बोलावून निरोप वाचून दाखवला आणि म्हणाले, "जा, सुट्टी घे एक दिवस."

पुढचं सांगून टाकते. तिकडे सुनावणी वर्षभर चालली. मालकाच्या वकिलाने पहिला जबाब खोटा असल्याचं ओरडून सांगितलं, तेव्हा तिथल्या न्यायाधीशांसमोर माझं शपथपत्र आधीच होतं. सदोष मनुष्यवधासाठी माणूस द्यायचा असा हुकूम झाला. हजेरीचं रजिस्टर बदलल्याचा दुसरा आरोप त्यांच्या कायद्यात बसला नाही, तेवढा वगळला. मालकाला अकोल्याला आणल्यावर वरच्या साहेबांनी तो रजिस्टरचा आरोपही लावायचं ठरवलं आणि विचारायला मला अमरावतीला पाठवलं. ते म्हणाले, "ज्याच्यासाठी मागून आनला त्याच्यासाठीच चालवा. बाकी पाह्यजे असन तर त्या देशाले पुन्हा इचारा. आपन बोललो तसं वागलो नाई, तर पुढच्या वेळेस थे आपल्याले मानूस देनार नाई." आरोप लावला नाही.

खटल्यात मी पिंजऱ्यात उभी राहिले. बचावाच्या वकिलाने विचारलं, पहिल्या जबाबातले शब्द कुणाचे? मी म्हटलं, माझे. चौकीदाराने चावीचं कबूल केलं. मालकाला शिक्षा झाली. अपील नागपूरला चालू आहे. माझ्या सेवापुस्तकात शेरा आला आणि बढती तीन वर्षं मागे पडली. निकालाच्या आधी दोन महिने ते वारले. छातीत दुखतंय का म्हणून दवाखान्यात विचारलं तेव्हा त्यांनी काय उत्तर दिलं, ते मावशींनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मला जो दिवस जास्त आठवतो तो निकालाच्या बराच आधीचा आहे. त्या परक्या कोर्टाचा हुकूम नुकताच आला होता. त्याची प्रत मी त्यांना दाखवायला नेली. त्यांनी वाचली आणि विचारलं, "त्या बाईले कोनं सांगतलं का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. ते कुणाचं कामच नव्हतं.

पुढच्या रविवारी ते एसटीने एकटे अकोल्याला आले आणि आम्ही दोघं शेवंताबाईच्या गावी गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. तिने बाज टाकली, पण ते बसले नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढले. सगळा हुकूम त्यांनी वऱ्हाडीत उतरवून आणला होता, तिला कळेल असा, एकही ओळ न गाळता. अंगणात उभं राहून त्यांनी तो वाचला. दीड तास लागला. ती पाखडत होती, मधूनच थांबत होती. सुनेचं नाव आलं तेव्हा तिने सूप खाली ठेवलं आणि नाव पुढे गेल्यावर परत उचललं.

शेवटाकडे ते म्हणाले, "आता तुमच्याबद्दल काय लिहलं थे आयका. जज म्हनते, ह्या बाईचं बोलनं खरं का खोटं हे ठरवनं माहं काम नाई, थे तिच्या इथच्या कोर्टाचं काम हाये. पन जे दिसलं नाई थे दिसलं, असं ह्या बाईनं म्हनलं नाई. म्हनून तिनं जे आयकलं म्हनते, त्याच्यावर खटला चालवाले हरकत नाई."

तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"जज बाई हाये का मानूस?"

"बाई हाये."

"तिनं त मले पाह्यलं नाई."

"नाई पाह्यलं."

"तरी तिले कयलं," ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "दवाखान्यात तूच लिहत होतीस ना व माय?"

"हो मावशी. मीच."

मला वाटलं, ते मध्ये काहीतरी बोलतील. ते कागदांची घडी घालत होते. शेवंताबाईने सुपातली तूर टोपलीत ओतली, रिकामं सूप गुडघ्याशी उभं धरलं आणि अगदी साध्या आवाजात, शेजारणीला काम सांगावं तसं, म्हणाली, "आता दुसऱ्या कोन्या बाईचं लिहशीन, तवा आधी पुरं आयकजो. मंग लिहजो."